दिवसा काढलेला मध

“वन्सं, दार उघडा की. हात नासाय लागल्यात त्यांचं.”

माझी भावजय लक्ष्मी अंगणात उभी होती. तिच्या मागे, गोठ्याच्या कुडाला पाठ टेकून माझा धाकटा भाऊ कान्हू बसला होता. दोन्ही हात त्याने पुढे धरले होते. मनगटापासून बोटांपर्यंत केळीची पानं गुंडाळलेली, आणि पानांच्या घडीतून पिवळं पाणी गळत होतं. वास दारापर्यंत येत होता.

सात वर्षं तो माझ्या अंगणात आला नव्हता. मीच येऊ दिला नव्हता. आई गेली तेव्हा तिच्या तेराव्याला मी त्याच्या ओसरीवर पाठ करून बसले होते आणि त्याच्या घरचं पाणीसुद्धा न पिता उठून आले होते.

“कवा भाजलं?” मी लक्ष्मीला विचारलं. त्याच्याशी मी बोलत नव्हते.

“अकरा दिस झालं. भाताच्या तरव्याच्या जागेवर तोडलेला टाळ पेटवला व्हता. निखारं पसराय गेले आनि पाय घसरला. पालथं पडले ते दोनी हात आगीत.”

“सुप्याच्या दवाखान्यात न्हेलं न्हाईस?”

“न्हेलं की. डागतरांनी धुतलं, पट्ट्या बांधल्या, एक दिसाआड या म्हनाले. नदी वलांडून चार कोस जायाचं, चार कोस यायाचं. तीन डाव गेलो. मग हेच बसून ऱ्हायले, मी न्हाई येत म्हनून. तुमी तरी बगा, वन्सं. पदर पसरते.”

मी पायरी उतरले आणि पानं सोडली. तळहात पार गेले होते. कातडी नव्हतीच, लाल मांस आणि त्यावर हिरवट साय. बाकी अंगावर एक फोड नव्हता. ज्या हातांनी दोर सोडला होता, नेमके तेच हात भाजले होते. देवाने जागा हेरून हात घातला, असं माझ्या मनात आलं आणि मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू.

ती दोराची गोष्ट आधी सांगते, म्हणजे माझा आनंद समजेल.

आमच्याकडे आग्या माशीचा मध काढायचा तर दोर मेव्हण्याने धरायचा, अशी रीत आहे. आग्या माशी उंच झाडावर, फांदीच्या पार टोकाला पोळं लावते. चढणाऱ्याच्या कमरेला केवणीच्या सालीचा दोर, तो वरच्या फांदीवरून खाली घेतलेला, आणि खालचं टोक त्याच्या बायकोच्या भावाच्या हातात. चढणाऱ्याचा सख्खा भाऊ चालत नाही. सख्ख्या भावाला जमिनीची वाटणी दिसते, बायकोच्या भावाला बहिणीचं कपाळ दिसतं, असं म्हातारी माणसं म्हणत.

आणि हा मध अंधारातच काढायचा. उजेडात माशी माणसाला बघून अंगावर येते. अंधारात ती फक्त जळत्या वस्तूवर धावते. म्हणून वर गेलेला माणूस पेटती चूड झटकतो, ठिणग्या एका बाजूला पडतात, माश्या त्यांच्यामागे खाली जातात आणि पोळं मोकळं होतं. दोरवाला दुसऱ्या बाजूला काळोखात उभा असतो. त्याने काडी ओढायची नाही.

माझा नवरा नागू एक्कावन्न साली बाजारकुणंगच्या वरच्या रानातल्या मोठ्या सावरीवर चढला होता. खाली दोर कान्हूच्या हातात. माश्या कान्हूवर आल्या. तो दोर सोडून ओढ्याकडे पळाला. नागू पडला तेव्हा मी पाच हातांवर मडकी घेऊन उभी होते. तो ओरडलाही नाही.

कान्हूला तीसेक माश्या लागल्या होत्या. त्याच्या अंगभर गांधी उठल्या, घसा सुजून बंद व्हायला आला, दोन दिवस तो जगतो की मरतो असं झालं. उठल्यावर त्याने पंचांना सांगितलं, माश्या आपणहून फिरल्या. पंचांनी मान डोलावली. मी मात्र त्या पहाटे झाडाखाली गेले होते. तो उभा होता त्या जागी अर्धवट जळलेली बिडी पडली होती. नागू बिडी ओढत नव्हता.

ती बिडी मी कुणाला दाखवली नाही.

आता हात माझ्यापुढे होते. मी लक्ष्मीला म्हणाले, “ओसरीवर बसव त्याला. घरात न्हाई.”

मधाचं औषध मला सासूने शिकवलं होतं. नागू गेल्यावर त्यावरच माझे दिवस निघाले, कारण आजूबाजूच्या वाड्यांतून माणसं येत. कुणाचा खोकला, कुणाची कुऱ्हाडीची जखम, कुणाचं पोर चुलीत पडलेलं. सासूचे नियम कडक होते. पांढऱ्या झाकणाने बंद झालेल्या कप्प्यातलाच मध औषधाला घ्यायचा. पोळं हाताने पिळायचं नाही, पिळलं की अळ्यांचं पाणी उतरतं आणि मध आंबतो. कापडावर ठेवायचं आणि आपणहून गळू द्यायचं. चुलीजवळ न्यायचा नाही. शेराच्या फुलांचा मध कडू असतो, घसा जाळतो, म्हणून दुसऱ्याला देण्याआधी आपल्या जिभेवर ठेवून घटकाभर थांबायचं. आणि दात न आलेल्या पोराला मध चाटवायचा नाही, मग आजी रुसली तरी चालेल. ह्या शेवटच्या नियमावरून माझी किती म्हाताऱ्यांशी भांडणं झाली असतील, त्याला गणती नाही.

कान्हूचे हात मी उकळून निववलेल्या पाण्याने धुतले. साय काढताना त्याने दात आवळले. मी हात हलका ठेवू शकले असते. ठेवला नाही. मग धुतलेल्या जुन्या धोतराच्या पट्ट्या मधात भिजवल्या आणि एकेक बोट वेगळं गुंडाळलं. भाजलेली बोटं एकत्र बांधली तर एकमेकांना चिकटून जातात.

“रोज यायाचं,” मी लक्ष्मीला म्हणाले. “सकाळी आनि सांजचं. पानी लागू द्याचं न्हाई.”

तो रोज आला. टाचांच्या भेगांना मेण मागायला आलेली शेजारची गुणा म्हातारी एकदा बघत बसली. मी खोबरेल आणि मेण एकत्र कालवत होते.

“भावाचं हात भनीच्या हातात,” ती बोळक्या तोंडाने म्हणाली. “बगून बरं वाटतंय गे.”

“बगून घे पोटभर. हात बरे झाले की परत दिसायचं न्हाई.”

“तुजी जीभ मधात का बुडवत न्हाईस एकदा?”

“बुडवली की. मधच कडू झाला.”

कान्हू हसला नाही. तो मान खाली घालून बसे. चौथ्या की पाचव्या दिवशी तो एकच वाक्य बोलला. “वास कमी झालाय, आक्का.” मी पट्टीची गाठ मारली.

वास खरंच कमी झाला होता. कडेने गुलाबी कातडी पुढे सरकू लागली होती. आणि नवव्या दिवशी माझं मडकं संपलं.

त्या साली मध कुणाकडेच नव्हता. आमच्या बाजूचं कूप, म्हणजे जंगलखात्याने तोडीला काढलेलं रान, तुटलं होतं. रामनगरचे ट्रक महिनाभर लाकडं ओढत होते, कुऱ्हाडींच्या आवाजाने आणि रचलेल्या पालापाचोळ्याच्या आगींनी माश्या उठून गेल्या होत्या. बाजारात बाटलीतला मध मिळे, पण त्यात गुळाचं पाणी किती आणि मध किती हे कोण सांगणार? गुळाचं पाणी जखमेवर घालणं म्हणजे किड्यांना आवतण. दोन दिवस कोरड्या पट्टीवर काढले आणि डाव्या तळव्याला पुन्हा वास सुटला.

लक्ष्मी माझ्याकडे बघत राहिली. ती काय बघत होती ते मला कळत होतं. मध एकाच ठिकाणी होता. माझ्या सावरीवर. ज्या झाडावरून माणूस पडला ते झाड त्याच्या बायकोचं, तिच्या शब्दाशिवाय त्याला कोयता लावत नाहीत. सात वर्षं मी शब्द दिला नव्हता. त्या झाडावर आता नऊ पोळी लोंबत होती.

“वन्सं, शब्द द्या,” लक्ष्मी म्हणाली. “मी वासूभावजींच्या पाया पडते. ते चडतील.”

वासू म्हणजे नागूचा चुलतभाऊ. आमच्या वाडीत चढणारा तोच उरला होता.

“वासू न्हाई,” मी म्हणाले. “मी चडनार.”

हे मी आधी ठरवलं नव्हतं. पण शब्द तोंडातून बाहेर पडला आणि पुढचं सगळं माझ्यासमोर उभं राहिलं, जणू सात वर्षं कुणी आत बसून ते रचत होतं. मी चढणार. दोर कान्हू धरणार. आणि चढायचं ते दिवसा.

सासूने मला एक गोष्ट अगदी कान धरून शिकवली होती. ज्याच्या अंगावर माशीने एकदा गांधी उठवल्या आणि घसा धरला, त्याने पुन्हा मोहोळाखाली जाऊ नये. पहिल्या खेपेला तो वाचतो. दुसरी खेप बहुतेकांना ठेवत नाही.

संध्याकाळी वासू तणतणत आला.

“वैनी, येड लागलं काय तुला? बाईमानसानं आग्याला हात लावायचा? आनि तेबी दिवसा?”

“तरव्याला टाळ तोडाय मीच चडते की. तवा न्हाई कुनी आडवं येत.”

“टाळ चावतोय काय गा? रातचं चड म्हन, मी इचार करतो.”

“रातचं मला फांदी दिसत न्हाई.”

“आनि दोर? भाजल्या हातांनी कान्हू धरनार? चांगल्या हातांनी धरला न्हाई त्यानं!”

हे तो कान्हूसमोरच बोलला. कान्हू ओसरीच्या खांबाशी बसला होता.

“हातात कोन देतंय?” मी म्हणाले. “कमरेला बांदनार त्याच्या.”

वासू थुंकला आणि म्हणाला, “तुमी भनभाव काय ते बगून घ्या. मी त्या झाडाखाली येनार न्हाई.” तो गेला, आणि चढायच्या वेळी खरंच आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी सावरीला लागून असलेल्या किंदळाच्या झाडावरून वर गेले आणि दोर वरच्या फांदीवर टाकून आले. सात वर्षांनी त्या झाडाला माझा हात लागला. पोळी सुपाएवढी होती, काळी, आणि त्यांच्यावरून माश्यांची लाट फिरत होती.

तिसऱ्या दिवशी, न्याहारीच्या वेळेला, आम्ही तिघं रानात गेलो. ऊन चांगलं वर आलं होतं. लक्ष्मीला मी ओढ्यापाशी थांबवलं. ओढा झाडाच्या पलीकडे, पन्नास पावलांवर. तिच्याजवळ ओलं गवत आणि शेणीवर विस्तव ठेवायला दिला होता, चूड पेटवायला. मी अंगावर कांबळ घेतलं, डोक्यावरून, फक्त डोळे उघडे. घरात कांबळ एकच होतं. कान्हू उघडा होता, काष्टीवर.

मी दोराचं एक टोक माझ्या कमरेला बांधलं आणि दुसरं हातात घेतलं.

“दिवसा, आक्का?” तो म्हणाला.

“व्हय. दिवसा.”

“माज्या अंगाला माशी सोसत न्हाई. तुला ठावं हाय.”

“ठावं हाय.”

तो माझ्याकडे बघत राहिला. सात वर्षांत पहिल्यांदा आम्ही एकमेकांच्या डोळ्यांत बघितलं. मग तो वळला आणि त्याने माझ्याकडे पाठ केली. मी दोर त्याच्या कमरेभोवती दोनदा फिरवला आणि गाठ पाठीवर मारली. त्याच्या बांधलेल्या बोटांना ती सुटली नसती.

“त्या राती मी बिडी पेटवली व्हती,” तो झाडाकडे बघत म्हणाला.

“ठावं हाय.”

“कवापासनं?”

“दुसऱ्या दिसापासनं. थोटूक सापडलं मला.”

“मग पंचांना सांगितलं का न्हाईस?”

“सांगितलं असतं तर गावानं शिक्षा दिली असती,” मी म्हणाले. “मग मला काय उरलं असतं?”

गाठ मी पुन्हा एकदा ओढून बघितली आणि त्याला सगळं समजावून सांगितलं. सांगायची गरज नव्हती, पण मला ते त्याला ऐकवायचं होतं. फांदीच्या टोकाला मी दोरावर भार टाकूनच पोचणार. तो ओढ्याकडे पळाला की दोर ढिला पडणार आणि मी खाली. तो पळाला नाही तर माश्या त्याच्या. “आता तूच ठरीव,” मी म्हणाले आणि चढले.

किंदळावरून सावरीच्या फांदीवर आले. चुडीचा धूर होता तोवर माश्या नुसत्या गुरगुरत होत्या. खाली कान्हू पाय रोवून उभा, मागे झुकलेला, दोर ताठ. वरून तो लहान दिसत होता. लहानपणी आम्ही दोघं जांभळाच्या झाडावर चढत असू, तेव्हा तोही खाली असाच उभा राहायचा, जांभळं झेलायला सदरा पसरून. ही आठवण मला नको होती, आणि ती आली म्हणून मला अधिकच राग आला. मी चूड सालीवर दाबून विझवली आणि विझलेल्या चुडीने पहिलं पोळं झोडपलं.

त्या आवाजाला नाव नाही. सगळं झाड एकदम श्वास सोडतं तसा तो होता. काही माश्या माझ्या कांबळावर बसल्या, हातांना डसल्या. बाकीच्या खाली गेल्या. उन्हात त्यांची सावली त्यांच्या आधी जमिनीवर पोचली.

मी खाली बघत होते. मला ते बघायचंच होतं. त्याच्या पाठीवर एक, मग चार, मग पाठ दिसेना. तो ओरडला. बांधलेले हात तोंडावर घेतले. एक पाय उचलला, ओढ्याच्या दिशेने, आणि मी मनात म्हटलं, पळाला.

त्याने तो पाय परत ठेवला. मग तो खाली बसला. सावरीच्या दोन मुळांच्या बेचक्यात टाचा अडकवल्या, डोकं गुडघ्यांत घातलं आणि सगळं अंग मागे टाकलं. माझ्या कमरेला दोर आवळला. एक तसूही ढिला झाला नाही.

“पळ!” मी ओरडले. “पळ की रे, मुडद्या! पळ!”

लोक म्हणतील, बहीण ती बहीणच, शेवटी माया आली. तसं नव्हतं. मला तो पळायला हवा होता. सात वर्षं मी त्याच्या पळण्यावर जगले होते. सकाळी उठून चूल पेटवायची ती त्याच्यावर, भाकरी थापायची ती त्याच्यावर. तो आता बसून राहिला तर त्या सात वर्षांचं मी काय करायचं होतं?

तो पळाला नाही. मीही मध घेतल्याशिवाय उतरले नाही, हेही सांगून टाकते. झाकणाचा भाग कोयत्याने कापला, टोपलीत घेतला, मग मागे सरकले. हात सुजून कोयता नीट धरवत नव्हता. तेवढ्यात खालून धूर आला. लक्ष्मी पेटलेलं ओलं गवत दोन्ही हातांत घेऊन धावत आली होती. डोक्यावर नुसता पदर. तिने ते गवत त्याच्याभोवती टाकलं, त्याच्या अंगावरून पदराने माश्या झटकल्या आणि त्याला कवटाळून बसली. दोराची गाठ मात्र तिने सोडली नाही. मी जमिनीला पाय लावेपर्यंत दोघंही तशीच होती.

गाठ मी कोयत्याने कापली. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळे बुजले होते. श्वास शिटी वाजवल्यासारखा आत जात होता. आम्ही त्याला ओढत धुराबाहेर ओढ्यापाशी नेलं, पाण्याकडेला बसता ठेवला. आडवा केला असता तर घसा तिथेच मिटला असता. लक्ष्मी पाणी मारत होती. मी कोयत्याच्या बोथट कडेने काटे खरवडत होते. चिमटीत धरून उपटायचे नसतात, विषाची पिशवी आणखी पिळली जाते. पाठ, मान, कान, पापणीवर एक. मी मोजले नाहीत.

“मध लावा की वन्सं,” लक्ष्मी रडत म्हणाली. “टोपली भरून हाय. लावा की!”

“ह्याला मध चालत न्हाई,” मी म्हणाले.

माशीच्या विषावर मध उतारा, असं कुणी कुणी सांगतात. त्यात काही अर्थ नाही. त्याला उतारा माझ्याकडे नव्हता, सासूकडेही नव्हता. सुप्याला न्यायचं तर चार कोस, आणि त्याच्या श्वासात तेवढी वाट नव्हती. आम्ही दोघी त्याला दोन बाजूंनी धरून बसलो. एकदा शिटी थांबली. लक्ष्मीने त्याच्या पाठीत बुक्की मारली तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. ऊन डोक्यावर आलं, मग कललं. मी त्याच्या शिटीकडे कान देऊन बसले होते आणि मनात काय होतं ते मला सांगता येणार नाही. तो मरावा असं म्हणायला गेले तर ते खरं होत नव्हतं, आणि जगावा असं म्हणायला जीभ वळत नव्हती.

तिसऱ्या प्रहरी त्याने ओकारी काढली. त्यानंतर श्वास मोकळा येऊ लागला.

संध्याकाळी लक्ष्मीने हाक घातल्यावर वासू आणि वाडीतली चार माणसं त्याला घोंगडीच्या झोळीतून माझ्या घरी घेऊन आली. या वेळी घरात घेतलं. वासूने विझलेली चूड झाडाखालून उचलून आणली होती. तो ती उलटसुलट करून बघत होता. चूड एका बाजूने दाबून विझवलेली होती, आणि वासू काही कालचा चढणारा नव्हता.

“ही इझली कशी गा?” त्याने कान्हूला विचारलं. मला नाही.

कान्हूचे ओठ सुजलेले. शब्द नीट येत नव्हते. “पाला वला व्हता,” तो म्हणाला. “वर गेल्यावर इझली. आक्का काय करल?”

वासूने माझ्याकडे बघितलं. मी चुलीत लाकूड सारलं. माझ्या घरात, चार माणसांसमोर त्याने मला झाकलं, आणि मी तोंड उघडून खरं सांगू शकले नाही. त्याला मारायचं राहिलं याचं मला इतकं वाईट वाटलं नाही, जितकं या एका वाक्याचं वाटलं.

पाच दिवसांत सूज उतरली. टोपलीतला मध कापडातून गळून मडक्यात उतरला होता. तांबूस, दाट, पहिल्या प्रतीचा. सकाळ-संध्याकाळ मी त्याच्या पट्ट्या बदलत होते. एके दिवशी एक पट्टी चिकटली होती, डाव्या हाताची, तळव्याच्या मधोमध. पहिल्या दिवसासारखी मी ती ओढू शकले असते. मी कोमट पाण्याची धार धरून बसले, सुटेपर्यंत.

लक्ष्मी त्या दिवशी गुरांना बघायला आपल्या घरी गेली होती. दुपार होती. मध लावून झाल्यावर मी त्याचे दोन्ही हात तसेच उताणे माझ्या मांडीवर ठेवले. वारा लागेपर्यंत बांधायचे नव्हते. तो कुडाला टेकून बसला होता. बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. बोटं एकेक वेगळी पसरलेली, कडेने नवी कातडी आलेली, मधाने चमकणारी. जड होते हात. झोपलेल्या माणसाचे असतात तसे.

अंगणात मी पेरणीचं भाताचं बियाणं बांबूच्या तट्ट्यावर उन्हात टाकलं होतं, सालभराचं. गुणा म्हातारीच्या कोंबड्या कुडातून आत शिरल्या. आधी एक, मग पाचसहा. तट्ट्यावर चढून त्या भात टिपू लागल्या, पायांनी उकरून मातीत उधळू लागल्या. हाकलायला आवाज केला असता तर तो जागा झाला असता, आणि उठले असते तर त्याचे हात जमिनीला लागले असते.

मी बघत राहिले. उठले नाही.